शेवटच्या बाकावरची धर्ममाता

“उद्याही शेवटच्या बाकावरच बसणार असशील, तर माझ्या लग्नाला येऊच नकोस, मावशी!”

लिंदाल्वाचे शब्द कानी पडले आणि तांब्याच्या कढईत पेरूचा गर घोटणारा इदालिनाचा हात क्षणभर थांबला. उकळता थेंब मनगटावर उडाला. पण इतक्या जुन्या डागांत आणखी एक डाग... त्याचं तिला काय!

“सारं गाव ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठतं, आणि बाप्तिस्म्यात मला हाती धरणारी माझी धर्ममाता तेवढी मागे बसून राहते! बायका काय म्हणतात, ठाऊक आहे? ‘तुझ्या मावशीनं नवऱ्याच्या कॉफीत काहीतरी कालवलं असेल गं!’ आणि खो खो हसतात. सांग ना, असं कुठलं पाप केलंस तू?”

“घोटणं थांबलं तर करपेल, बाळ,” एवढंच इदालिना म्हणाली.

रोज घराबाहेर पडताना इदालिनाचा हात ओठांना लावून ‘आशीर्वाद दे’ म्हणणारी ती पोर आज पाठ फिरवून निघून गेली! दारात उभी असलेली झेलिया, इदालिनाची धाकटी बहीण, लिंदाल्वाची आई, भिंतीला टेकली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

...कॉफीच्या डोंगरांतले ते दिवस! झेलियाचं तान्हं बाळ दगावलं होतं. ती रडत नव्हती, जेवत नव्हती, नुसती छताकडे बघत होती. तेव्हा नुकत्याच विधवा झालेल्या इदालिनानं आपली तान्ही लेक उचलून तिच्या पदरात घातली. “पाज हिला.” बाळ छातीशी लागलं, झेलियाच्या डोळ्यांत प्राण परतले... आणि ती लेक परत मागण्याचं धैर्य इदालिनाला कधीच झालं नाही! मग दोघींना कुणी ओळखत नसलेल्या या नव्या गावात बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी फादरनी विचारलं, “आई कोण?” झेलिया पुढे झाली. “धर्ममाता?” इदालिना पुढे झाली. जन्मदात्रीला आपल्याच लेकराची धर्ममाता होता येत नाही, हे ठाऊक असूनही देवासमोर तिनं हात वर केला. पुढे पापाची कबुली द्यायला गेली, तर वृद्ध फादर म्हणाले, “ते खोटं निस्तर, मगच क्षमा.” क्षमेशिवाय ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही, तरी ती तशीच परतली. बहिणीची कूस पुन्हा रिकामी करण्यापेक्षा स्वतःचा आत्मा उपाशी राहिलेला बरा!

दुसऱ्या दिवशी इदालिना लग्नाला गेलीच. शेवटच्या बाकाच्या कोपऱ्यात, काळी ओढणी कपाळावर ओढून.

वाद्यं सुरू झाली. शुभ्र वस्त्रांतली लिंदाल्वा आत आली... आणि शेवटच्या बाकाशी थबकली. सारं चर्च बघत असताना ती गुडघ्यांवर बसली, तो भाजलेला हात तिनं ओठांना लावला.

“आशीर्वाद दे... आई.”

ज्या एका हाकेसाठी हृदय जन्मभर तहानलं होतं, ती हाक! पण इदालिनानं मान हलवली. “तुझी आई पुढे उभी आहे, पोरी. जा तिच्याकडे.”

“तिनंच काल सांगितलं मला,” लिंदाल्वा हुंदक्यांत म्हणाली.

तोवर झेलिया धावत मागे आली होती. “आज फादरना, साऱ्या गावाला सांगते, ताई! मी तुझी लेक घेतली... तुझा देवसुद्धा घेतला गं!”

“गप्प!” इदालिनानं तिच्या तोंडावर हात ठेवला. “आज पोरीचा दिवस आहे. हसं करू नकोस तिचं.” मग तिनं वधूच्या कपाळावर बोट टेकवलं आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, “देव तुझं कल्याण करो... लेकी माझ्या.”

विधी पार पडले. ख्रिस्तप्रसादाची वेळ आली. बाकामागून बाक रिकामे होऊ लागले. इदालिना नेहमीप्रमाणे खाली मान घालून बसून राहिली. शेजारी कुणीतरी बसल्याची चाहूल लागली, म्हणून तिनं पाहिलं.

“झेलिया! तू इथे? अगं, रांग चालली... वधूची आई तू, लोक काय म्हणतील? ऊठ!”

झेलियानं तिचा डागाळलेला हात आपल्या मांडीवर घेतला आणि घट्ट धरून ठेवला.

“कुंडापाशी खोटं आपण दोघी बोललो होतो, ताई.”