टिटवीचं चाक आणि खाज्याचा डबा

"हे कोणालाही खरं वाटायचं नाही," बशीत चहा ओतता ओतता वामनअप्पांनी जाहीर केलं. "माझं मलाच वाटत नाही, तिथे तुमचं काय! पण पोरांनो, आज मी आंबेखिंडीचा घाट बिनस्टीअरिंगच्या गाडीने उतरलोय."

गोदाक्काच्या चहाच्या टपरीपुढे सहाआठ मुलं जमली होती. त्यांची सहलीची बस शेजारी चार्जिंगला लावलेली. तिला ना ड्रायव्हर, ना स्टीअरिंग. आता कुठल्याच गाडीला नसतं ते. म्हणून तर मुलं अप्पांच्या मोरपंखी गाडीच्या काचेला नाकं चिकटवून आतलं गोल चाक बघत होती.

"बिनस्टीअरिंगच्या होय!" गोदाक्का किसणीवर आलं घासत म्हणाली. "मग आत काय जातं बसवलंय?"

मुलं खिदळली. अप्पांनी चहाचा असा लांब भुरका मारला, की उत्तर द्यायलाच नको.

त्यांचा तो भुरका संपेपर्यंत खरं काय झालं ते ऐकून घ्या. अप्पांच्या शेजारच्या सीटवर त्यांची अकरा वर्षांची नात उर्वी होती. ती आता बाकाच्या टोकाला मूठ घट्ट मिटून बसली होती.

त्या गाडीचं नाव टिटवी. ज्या वर्षी सगळं जग आपोआप चालणाऱ्या गाड्यांच्या मागे लागलं, नेमक्या त्याच वर्षी एका हौशी कारखान्याने हाताने चालवायची ही गाडी बाजारात आणली. एकूण एकेचाळीस विकल्या गेल्या. मग कारखान्याला टाळं लागलं. आज चालू स्थितीत नऊ टिटव्या उरल्यात, आणि त्यांच्या नऊ मालकांचं एक टिटवी मंडळ आहे. सुटे भाग कुठेच मिळत नाहीत, म्हणून मंडळाची एक रीत पडली: ज्याची गाडी उभी असेल त्याने आपला भाग काढून चालत्या गाडीला द्यायचा. आणि घेणाऱ्याने परत करताना रिकाम्या हाताने करायचा नाही, सोबत काहीतरी गोड द्यायचं.

त्या दिवशी कुडाळला मंडळाचा मेळावा होता. अप्पा आणि उर्वी तिकडेच निघाले होते. आठवडाभर पावसाने झोडपलेला घाट नुकताच उघडला होता. निम्मा घाट उतरल्यावर पिवळी पाटी आली: दरडीची जागा. थांबू नका.

पाटीनंतरचं पहिलंच वळण संपलं आणि समोरच्या काचेखाली चाकाचं छोटं चित्र पिवळं झालं. टुंग!

"स्टीअरिंग सहाय्य बंद," गाडी गोड आवाजात म्हणाली. "कृपया जवळच्या सेवा केंद्राशी संपर्क साधा."

"जवळचं सेवा केंद्र बंद होऊन अकरा वर्षं झाली, बये," अप्पा पुटपुटले. त्यांनी चाक थोडं फिरवून पाहिलं. त्यांच्या गळ्याची शीर टरारून फुगली. चाक बोटभर हललं.

उर्वीने अप्पांचा चेहरा पाहिला. एरवी तिथे कायम एक हसू दडून बसलेलं असायचं. आता ते नव्हतं.

"अप्पा, गाडी बंद करून चालू करूया? माझा टॅब अडकला की मी तसंच करते."

"उतारावर? अजिबात नाही. इंजिनापाठोपाठ ब्रेकची मदतही जाईल. आत्ता ब्रेक शाबूत आहेत, तेवढे राहू देत."

"मग कडेला थांबू."

टपावर टप टप टप आवाज झाला. पाऊस नव्हता. वरून सुटलेले खडे होते. हरभऱ्याएवढे, मग एक लिंबाएवढा. दोघांनीही वर पाहिलं नाही.

"इथे थांबायचं नाही," अप्पा म्हणाले. "दोन वळणं. त्यानंतर गोदाक्काच्या टपरीसमोर मोकळी जागा आहे. दोन वळणं काढली की जिंकलो." मग त्यांनी डावा खांदा उचलून पाहिला. "पण माझा डावा खांदा दिवाळीपासून धरलाय. एका हाताने हे चाक फिरायचं नाही, उर्वे."

उर्वीने काचेतून खाली पाहिलं. डावीकडे दरी होती. तळाची झाडं कोथिंबिरीएवढी दिसत होती.

"चाक तुटलंय का?"

"नाही. नीट ऐक, म्हणजे भीती निम्मी होईल. हे चाक एका लोखंडी दांड्याने पुढच्या चाकांना जोडलेलं आहे. तो जोड शाबूत आहे. फक्त मदतनीस पळालाय. दांड्यापाशी एक सेन्सर (आपण किती जोर लावतो ते ओळखणारा भाग) असतो. आपण थोडं फिरवलं की तो मोटरला सांगतो, 'डावीकडे जरा हात लाव गं.' उरलेला जोर मोटर लावते. यालाच पॉवर स्टीअरिंग म्हणतात. आज मोटर नाही, तर तिची जागा तू घ्यायची."

"मी?"

"दुसरं कोण आहे गाडीत? पट्टा सोडायचा नाही. उजवं वळण येतंय. मी उजवीकडून चाक खाली ओढतो, तू डावीकडून वर ढकल."

वळण आलं. समोर कठडा आणि कठड्यापलीकडे नुसतं पांढरं धुकं. "आता!" अप्पा ओरडले. उर्वीने हात लांब करून हाताला आलं ते पकडलं, चाकाच्या मधल्या गोळ्याजवळची आडवी पट्टी, आणि जीव खाऊन ढकललं. काही हललं नाही. कठडा मोठा होत चालला. त्यावर रंगवलेले पांढरे पट्टे तिला मोजता येऊ लागले.

"मधे नको! कडेला धर, कडेला! दाराला बिजागरीजवळ ढकलतेस का कधी?"

उर्वीने हात सरकवून चाकाची बाहेरची कड धरली आणि पुन्हा ढकललं. मघाचाच जोर, पण चाक कुरकुरत वळलं. टिटवीने नाक उजवीकडे केलं. कठडा डाव्या आरशाला घासून जातो की काय असं वाटेपर्यंत जवळ आला आणि मागे पडला.

"बघितलंस?" अप्पा धापा टाकत म्हणाले. "मधल्या आसापासून जितकं लांब धरशील तितकं आघूर्ण (फिरवण्याची ताकद) जास्त. जोर तोच, अंतर वाढलं. आणि मी खाली, तू वर, हे झालं बलयुग्म (एकाच वस्तूवर दोन बाजूंनी उलट दिशांना लावलेल्या समान बलांची जोडी). दोघं मिळून फिरवतात."

"अप्पा, शिकवणं नंतर! पुढे बघा!"

"शिकवलं की माझे हात थरथरत नाहीत," अप्पा हळूच म्हणाले. ते खरं होतं हे उर्वीला दिसत होतं.

रस्ता डोंगराची धार ओलांडून पलीकडे उतरला, तशी दरी उजवीकडे गेली आणि डोंगर उर्वीच्या बाजूला आला. ओल्या मातीचा वास आत येत होता. पुढचं वळण डावं होतं. या वेळी तिने ओढायचं आणि अप्पांनी ढकलायचं. तिने आधीच कड घट्ट धरून ठेवली.

वळण अर्धं झालं आणि नारळाएवढा दगड धाडकन इंजिनावरच्या टोपणावर आदळून दरीत गेला. अप्पांचा पाय ब्रेकवर दाबला गेला. टिटवी जवळजवळ थांबली. नाक दरीकडे, मागची बाजू डोंगराखाली, चाक अर्धवट वळलेलं.

"ओढ!"

उर्वीने ओढलं. अप्पांनी ढकललं. दोघांच्याही तोंडून आवाज निघाला, पण चाक सिमेंटमध्ये रोवल्यासारखं. कड नीट धरली होती, बलयुग्मही होतं, आणि तरीही चाक ढिम्म. टपावर खडे आता ताशा वाजवल्यासारखे पडत होते.

मघाशी तर वळलं होतं. मग आता का नाही? मघाशी आणि आत्तात फरक काय? उर्वीला शाळेतला खोडरबर आठवला. कागदावर दाबून जागच्या जागी पिळला की तो चिकटून बसतो. कागद चुरगळतो, पण रबर फिरत नाही. तोच रबर पेन्सिलीला चाकासारखा टोचून घरंगळत नेला, तर हवा तिकडे वळतो. थांबलेल्या टायरचा तळहाताएवढा भाग रस्त्याला असाच चिकटलेला असणार. टायर फिरत असेल, तर दर क्षणी नवा भाग रस्त्यावर टेकतो आणि टेकतानाच थोडा वळून टेकतो. त्याला घासत फिरवावं लागत नाही.

"अप्पा, ब्रेक सोडा!"

"अगं, समोर दरी आहे!"

"थोडाच सोडा! मुंगीच्या चालीने! उभ्या गाडीचं चाक वळायचं नाही. गाडी सरकू दे, मग ओढू!"

अप्पांनी एकवार तिच्याकडे पाहिलं. तीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात गाड्यांची स्टीअरिंगं तपासली होती, आणि भीतीने ते नेमकं हेच विसरले होते. त्यांनी ब्रेकवरचा पाय केसभर उचलला. टिटवी दरीकडे सरकली. एक वीत. दोन विती.

"आता ओढ!"

चाक सुटलं. कुरकुरत, अडखळत, पण वळत गेलं. धुक्यातून डांबर पुन्हा गाडीसमोर आलं, आणि मागे, जिथे टिटवी उभी होती तिथे, घमेलंभर माती घसरून पडली.

त्यानंतर टपरी येईपर्यंत उर्वीने चाकाची कड सोडली नाही.

गाडी लावल्यावर उर्वीने पहिला प्रश्न विचारला. "मदतनीस पळाला कशामुळे?"

अप्पांनी पुढचं टोपण उघडून एक जळका फ्यूज काढला. "फ्यूज (जास्त वीज वाहू लागली की स्वतः वितळून तार वाचवणारी पट्टी) गेलाय. हळू वळताना मोटरला सगळ्यात जास्त जोर लागतो, म्हणून वीजही तेव्हाच जास्त ओढली जाते. खरा फ्यूज मी पारुळेकरबाईंना दिलाय. त्यांनी अजून परत केला नाही, म्हणून मी आपला तात्पुरता एक लहानसा..." पुढचं वाक्य त्यांनी मिशीत गिळलं.

"पारुळेकरबाई? गेल्या आठवड्यात ज्यांनी खाज्याचा डबा पाठवला त्या?"

"हो. नुसता खाजा! फ्यूजचा पत्ता नाही."

तो डबा उघडायला अप्पांना संधीच मिळाली नव्हती. त्यांना साखरेचा त्रास, म्हणून उर्वीच्या आईने डबा आला तसा सुतळीने बांधून 'मेळाव्यात वाटून टाका' म्हणत डिकीत ठेवला होता. उर्वी डिकीकडे गेली. सुतळी सोडली. आल्याच्या वासाच्या गुळमट कांड्यांखाली कागदाची पुडी होती आणि पुडीत खरा, मोठा फ्यूज. गोड पाठवायचं ते भागासोबतच, ही मंडळाची रीत अप्पांनीच घालून दिली होती.

तिने पुडी मुठीत धरली आणि येऊन बाकावर बसली. तिचं डोकं भराभर चाललं होतं. आपण मोठेपणी गाडी बनवू तेव्हा ती 'सेवा केंद्राशी संपर्क साधा' असं म्हणणार नाही. ती म्हणेल, 'घाबरू नका, चाक जोडलेलंच आहे. कडेला धरा, गाडी सरकत ठेवा, मग वळवा.' आणि त्या गाडीच्या एकेचाळीसच नाही, लाखभर विकल्या जातील.

एवढ्यात अप्पांचा भुरका संपला. मुलं पुढे सरकली. अप्पांच्या चेहऱ्यावर ते दडलेलं हसू परत आलं होतं.

"तर काय सांगत होतो! स्टीअरिंग ठप्प. वरून हत्तीएवढाले दगड. नात शेजारी गाढ झोपलेली. मी काय केलं? गाडी दरीच्या काठावर जागच्या जागी उभी केली, अगदी पुतळ्यासारखी! आणि ही करंगळी बघा, हिच्या एका टोकाने चाक गर्रकन..."

"खोटं!" उर्वी ताडकन उठली आणि तिने मूठ उघडून फ्यूज सगळ्यांना दाखवला. "उभ्या गाडीचं चाक करंगळीने फिरतच नाही, अप्पा! हा फ्यूज अजून माझ्या हातात आहे आणि गाडी समोर उभी आहे. चला, बसा आत आणि फिरवून दाखवा!"