दोघींची वाकळ

बीडला भरलेल्या प्रदर्शनात, नुमाइशीत, बायकांसाठी बांधलेल्या कनातीत, दोरीवर मायलेकींची वाकळ टांगली होती. मनकर्णाबाईंनी मायेनं तिच्यावरून हात फिरवला... आणि हात एकाएकी थबकला. बोटांना गाठ लागली! एक, मग दुसरी, मग ओळीनं गाठीच गाठी. त्यांनी उभ्या जन्मात धाग्याला गाठ मारली नव्हती. निजणाऱ्याच्या अंगाला रुतते म्हणून त्या दोन उलटे टाके घेऊन धागा आतच जिरवत. लेकीला, शिवकन्याला, मात्र गाठीचीच सवय. कितीदा सांगूनही सुटली नव्हती. आणि ही बाजू तर आईची होती!

म्हणजे लेकीनं आपले टाके उसवले... सगळेच्या सगळे, आणि न सांगता तिथं स्वतःचे घातले.

वडवणीजवळच्या वस्तीवर चार महिने दोघी समोरासमोर बसल्या होत्या. एका टोकाकडून आई, दुसऱ्या टोकाकडून लेक, आणि मधोमध भेटायचं, ही त्यांच्या घरची रीत. मानमोडीच्या साथीत एकाच आठवड्यात मनकर्णाबाईंचे धनी गेले, जावई गेला. त्यांचीच धोतरं, त्यांचेच पटके त्या वाकळीत होते. त्या दुःखात एकमेकींशिवाय दोघींना कोण होतं? आणि त्याच वाकळीतून आईला पुसून टाकताना पोरीचा हात जरासुद्धा कापला नाही? मनकर्णाबाईंचं काळीज विदीर्ण झालं.

पण टाके वाकडे गेले असणार, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं! दिवाळीपासून डोळ्यांपुढं नुसतं धुकं होतं. शेजारची कडूबाई गुपचूप सुया ओवून द्यायची. लेकीला कळतं तर ती आईला सोडून कुठंच गेली नसती, आणि इथं जिचं काम उजवं ठरेल तिला बीडच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला ठेवणार होते.

तेवढ्यात त्या शाळेच्या शिक्षिका, उस्तानीबाई, आल्या. वाकळ न्याहाळून त्या म्हणाल्या, “काम लई नजाकतीचं आहे. पण चिठ्ठीवर नावं दोन, शाळेत जागा एकच. शिकवणारीला वसतिगृहातच राहावं लागतं, तिथं सोबतीला कोणाला ठेवता येत नाही. खरा हात कोणाचा?”

शिवकन्यानं मान खाली घातली.

“लेकीचा,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “समदी वाकळ तिनंच शिवली, बाईसाहेब. मी आपली नुसती सुई ओवून देत व्हते.”

शिवकन्याला हुंदका आवरला नाही. “माय, तुझे टाके म्या उसवले. वाकडे व्हते, लोक हसतील म्हनून...”

“म्हाईत हाय. हात लावला तवाच कळलं.”

“मंग बोलली कावून न्हाईस?”

“काय बोलू? वाकडेच व्हते की.”

उस्तानीबाईंनी कागद पुढं केला. लेकीला ठेवून घ्यायला आईची संमती हवी होती. मेजाशी बसलेल्या कारकुनानं मनकर्णाबाईंच्या अंगठ्याला शाई लावली. त्यांनी अंगठा टेकवला तो मेजाच्या पांढऱ्या कापडावर, कागदापासून वीतभर दूर. पुन्हा टेकवला, पुन्हा कापडावरच. शिवकन्यानं आईच्या तोंडाकडं पाहिलं. ते डोळे कागदाकडं नव्हते, तिच्याकडं नव्हते, कुठंच नव्हते... आणि त्या वाकड्या टाक्यांचा अर्थ तिला त्या क्षणी उमगला.

“कवापासून?” तिनं कसंबसं विचारलं.

“दिवाळीपासून.”

“अन् अशी एकटी ऱ्हाशील त्या घरात? मी न्हाई ऱ्हायची हितं.”

“घर मला पाठ हाय,” मनकर्णाबाई शांतपणे म्हणाल्या. “कडूबाई हाय. पर माझ्या मागं तुला कोन हाय, सांग? तू माघारी आलीस तर माझं एवढे दिस लपवनं बी वाया जाईल. धर माझा हात, कागद कुठं हाय ते दाव.”

शिवकन्यानं ते मनगट धरलं. मग आसवं ढाळत तिनं आईचा अंगठा कागदावर आणला, आणि स्वतःच्या हातानं दाबला.

“नीट उमटला का गं?”

“उमटला, माय.”

उस्तानीबाईंनी कागद काढून घेतला, तरी तिनं तो हात सोडला नाही.