मिशीची हमी

ब्रेकवर पाय ठेवला आणि तो खाली गेला तो गेलाच... लोण्यात बोट जावं तसा. मी हँडब्रेक ओढला. गाडी कुरकुरत घसरली आणि चर्चसमोरच्या वाळूच्या ढिगात नाक खुपसून थांबली. मागची दारं उघडली आणि आईने केलेले चीजचे गड्डे उतारावरून गडगडत निघाले.

"हलू नका... चाकाखाली दगड लावतो."

आवाज आला, मागोमाग माणूस. भुरभुर पावसाने केस कपाळाला चिकटलेले. दगड लावून तो चीजमागे धावला आणि एकेक गड्डा शर्टाला पुसत परत आला.

"ही गाडी कुणी गळ्यात मारली तुमच्या?"

"त्या मिशाळ कुस्तोदियोनं. मिशीला हात लावून म्हणाला, ब्रेक बिघडले तर मिशी उतरवीन. आणि मी शिकलीसवरलेली बाई त्या मिशीला भुलले. चोर मेला."

आमच्या मिनास प्रांतात जुनी माणसं मिशीच्या एका केसाच्या हमीवर गाईगुरं विकायची, शेतं विकायची. मिशीवर संशय घेणं म्हणजे माणसाच्या तोंडावर थुंकणं. म्हणून मी गाडी चालवूनही पाहिली नव्हती.

तो कान खाजवत म्हणाला, "मिशी खरी आहे. बाकीचं... ते माझे वडील."

वाळूच्या ढिगात गाडीशेजारी मलाही नाक खुपसावंसं वाटलं.

त्याचं नाव इव्हांद्रो. शहरातली नोकरी सोडून नुकताच गावी आलेला, वडिलांच्या जुन्या गाड्या विकायच्या आवारात दुरुस्ती करणारा. त्याने गाडी तिथवर ओढून नेली. कुस्तोदियोकाका मात्र मिशीवर ताव देत म्हणाले, "जुनी गाडी आहे तशी घ्यायची असते, जांदिरा. मिशीची हमी फाटकापर्यंत."

माझी सगळी शिल्लक त्या गाडीत गेली होती. चीज खाली दरीतल्या दुकानांत पोचलं नाही, तर आईचं आणि माझं घर बसणार होतं. मी तडक ग्राहक कचेरीत जाऊन तक्रार नोंदवली.

तिथल्या बाई म्हणाल्या, "दुकानातून घेतलेल्या जुन्या गाडीलाही नव्वद दिवसांची हमी असते, मिशी असो वा नसो. दोष आत लपलेला असेल तर दिवस मोजायचे तो दिसल्यापासून. त्यांना दुरुस्तीला महिना द्या. नाहीच जमलं तर पैसे परत मागा."

तो महिना... काय सांगू! इव्हांद्रो ब्रेक दुरुस्त करायचा आणि आम्ही दोघं चर्चचा उतार हळूहळू उतरून बघायचो.

"दाबा."

"दाबला."

"आता विश्वास वाटतो?"

"वाटतो... ब्रेकवर नाही."

तो हसला की गालाला खळी पडायची. मग गाडी उभी करून आम्ही माझं चीज आणि त्याच्या आईची पेरूची वडी खायचो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. ब्रेक चार दिवस नीट राहायचे, पुन्हा मऊ पडायचे. खोटं कशाला बोलू, मला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं.

महिना संपला, ब्रेक तसेच. मी पैसे परत मागितले. सुनावणीच्या आदल्या दिवशी कुस्तोदियोकाका वड्यांचा डबा घेऊन दारात उभे राहिले.

"आज ना उद्या घरातलीच होणार तू. घरातल्या घरात तक्रार कसली? घे मागे."

तक्रार मागे घेतली तर पैसे गेले, नाही घेतली तर कदाचित इव्हांद्रो. त्यालाच विचारलं. हातातलं फडकं पिळत तो म्हणाला,

"मागे घेतलीस तर तू पुन्हा त्याच गाडीतून उतरशील, जांदिरा. ते मला बघवणार नाही."

दुसऱ्या दिवशी कचेरीत तो उभा राहिला आणि म्हणाला, "ब्रेकच्या नळ्या आतून गंजल्यात. नव्या घालू म्हणून मी बाबांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. ते पैसे देईनात, म्हणून नुसतं ब्रेकचं तेल भरत राहिलो. ही गाडी विकायलाच नको होती." काकांनी मुकाट्याने पैसे परत करायचं कबूल केलं आणि मुलाकडे न बघता निघून गेले.

पैसे आले. इव्हांद्रो आला नाही. बापाविरुद्ध बोललेला मुलगा त्या घरात कसा राहत असेल, हाच विचार डोक्यात. ते माझ्यामुळेच तर झालं होतं.

मग एका सकाळी दारात एक अनोळखी म्हातारा दिसला. वरच्या ओठावर उन्हाने न रापलेल्या कातडीची पांढरीफटक पट्टी. डोळ्यांवरून ओळखलं... कुस्तोदियोकाका!

"बघतेस काय? शब्द दिला होता." त्यांनी ओठावरून हात फिरवला. तिथे काहीच नव्हतं. "मुलगा माझ्यापेक्षा सरळ निघाला. आवारात बसलाय तोंड पाडून. मी बोललो तरी ऐकेना. तू बोलून बघ."

मी गेले. इव्हांद्रो मी परत केलेल्या निळ्या गाडीत नव्या नळ्या बसवत होता. मला बघून त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"मला वाटलं, तू आता येणारच नाहीस. आणि... मला तर मिशीही नाही. तुला हमी कशाची देऊ?"

"कायद्याची चालेल."

"माझ्यातही लपलेले दोष असतील, जांदिरा."

"दिवस दोष दिसल्यापासून मोजतात. मला घाई नाही."

तो तेलकट हात शर्टाला पुसत जवळ आला.

"हलू नकोस," तो हळूच म्हणाला.

मी हलले नाही.