वरची कडी

ते मोबाईल आधी पालथे ठेवा पाहू. हं. सांगतो, पण मधेच कुणी 'काहीतरीच काय काका' म्हणायचं नाही. ज्याच्यावर हे ओढवलं तो माझ्याच गल्लीत राहतो.

आमचा बेकरीवाला. रात्रभर भट्टीवर काम. बायको देवाघरी गेलेली, घरात एकटी पोर, सहा वर्षांची. सगळे तिला चिमी म्हणतात. मी म्हटलं, रात्रीची आमच्याकडे झोपू दे. पण गडी मानी! "रोज रोज कुणाच्या दारात कशाला?" आणि पोरीला मोबाईल घेऊन दिला. मी खवळलोच. "सहा वर्षांच्या पोरीला फोन? उद्या मांजरालाही घेशील!" तो कसनुसा हसला. म्हणाला, "काका, सगळा जीव घरी अडकलेला असतो हो. फोन असला की पोर हाताशी आहे असं वाटतं."

तिला नियम पढवून ठेवला होता. कुणी दार वाजवलं, उघडायचं नाही. बाबांचा आवाज आला तरी नाही, आवाज काय कुणीही काढतं. फोनची एक रिंग वाजून बंद झाली, की समजायचं बाबा आले. मग खालची कडी काढायची. वरच्या कडीला तिचा हात स्टुलावर चढूनही पुरत नसे, म्हणून ती कधी लावतच नसत.

गेल्या नोव्हेंबरातला मंगळवार. रात्रीचे साडेबारा. बेकरीत यीस्ट संपलेलं, त्यामुळे पीठ भिजवायचंच राहिलेलं. हा स्कूटर काढून दुसऱ्या बेकरीतून यीस्ट आणायला निघाला. वाटेत मनात आलं, पोर झोपली का बघावं. गाडी बाजूला घेऊन फोन लावला.

तिने लगेच उचलला. कुजबुजत म्हणाली, "बाबा, घरात बसून फोन कशाला करता?"

"घरात? मी बाहेर आहे, बाळा."

"आत्ता तर रिंग दिलीत. मी कडी काढली ना."

ह्याने फोन कानाला घट्ट दाबला. "चिमे... कोण आलंय?"

"तुम्ही." मग म्हणाली, "तिकडे तोंड करून बसलायत... बोलत का नाही?"

"बाहेर पळ! आत्ताच्या आत्ता!"

फोन बंद झाला.

घरी पोचला तर दार आतून बंद. मला त्याने फोन केला, पहार घेऊन या म्हणाला. मी पोचलो तेव्हा तो दारावर धडका देत होता. "चिमे, मी बाबा!"

आतून तिचा आवाज आला. अगदी शहाण्या मुलीसारखा. "बाबांनी सांगितलंय, आवाजाला उघडायचं नाही."

"रिंग दे," मी म्हटलं.

दिली. आत फोन वाजला. एकदा. बंद.

आम्ही थांबलो...

मग आत पोर कुणाला तरी म्हणाली, "बाबा, ह्याला पण आपली रिंग माहितीये."



बाप पायरीवर मटकन बसला. पोर कुठे चुकत होती? त्यानेच तर शिकवलं होतं सगळं.

शेवटी पहारेने दार फोडलं. एकच खोली. खिडकीला गज. पोर पलंगावर एकटी, पांघरूण हनुवटीपर्यंत नीट खोचलेलं. बापाने तिला छातीशी धरलं, तर तिने अंग चोरलं. त्याच्या खांद्यावरून खोलीभर शोधत राहिली.

"माझे बाबा कुठे गेले?"

फोन त्याने त्याच रात्री दगडाने ठेचला. पोर आता बरी आहे. शाळेत जाते, खाते-पिते. फक्त त्याला 'बाबा' म्हणत नाही. 'अहो' म्हणते. आणि तो ओ देतो. काय करणार बिचारा?

ते दार मी स्वतः पाहिलं. खालची कडी तिने काढली होती, तशीच मोकळी होती. लागलेली होती ती वरची. त्या रात्री बापाने पिठाला हातसुद्धा लावला नव्हता... आणि वरच्या कडीवर ओल्या पिठाची बोटं उमटली होती.