कुठलंही चाक, कुठलीही गाडी

ही गोष्ट कुठल्या सालातली, ते मी सांगत बसत नाही. तुमच्यापैकी ज्यांचे आज पुढचे दात पडलेत, ते आजी-आजोबा होतील तेव्हाची आहे, एवढं धरून चाला. जागा मात्र आजही आहे तीच, कोल्हापूरचं उद्यमनगर. तिथे तेव्हाही लोखंड तासणारे लेथ फिरत होते आणि चहा टपरीवरूनच येत होता. फक्त तो आणायला यंत्रमानव जायचा आणि टपरीवाल्याशी हुज्जत घालून यायचा.

या यंत्रमानवाचं नाव गोप्या. तो डॉ. दत्ताजीराव नेजदारांच्या शेडमध्ये कामाला होता. नेजदार आबा शास्त्रज्ञ. बंगळूरच्या प्रयोगशाळेत त्यांनी चंद्रावर चालणाऱ्या गाड्यांच्या चाकांवर आयुष्य घालवलं आणि निवृत्त झाल्यावर गावी येऊन ही शेड थाटली. त्यांची नात वैजयंती, म्हणजे आपली वैजू, सातवीत होती. शाळा सुटली की घरी न जाता ती थेट शेडमध्ये. सोबत तिची मैत्रीण अल्फिया आणि वर्गातली आणखी काही कार्टी.

त्या दिवसांत शेडमध्ये आठ गाडे तयार होत होते. विजेवर चालणारे, तीन चाकांचे, एक माणूस आडवा झोपू शकेल असे. ते जायचे होते करंजवाडीला. ही वाडी घाटमाथ्यावर. तिथे वाऱ्याचा असा जोर, की ड्रोनसुद्धा उतरायला घाबरतात. वाडीच्या रस्त्यावरचा पूल दुरुस्तीसाठी बंद होणार होता, तोही चांगला काही महिने. शनिवारी शेवटचा ट्रक वर जाणार. नंतर आजारी माणसाला गाड्यात घालून पायवाटेने पुलापर्यंत आणायचं, तात्पुरत्या साकवावरून पलीकडे न्यायचं आणि तिथून रुग्णवाहिकेने दवाखान्यात.

आणि वैजूची रेवती आत्या राहायची करंजवाडीतच. तिला आठवा महिना होता. आबा याबद्दल फारसं बोलत नसत, पण फोन वाजला की सगळ्यांत आधी तेच उठायचे.

आठ मुलांनी आठ गाडे वाटून घेतले होते. आस (ज्याच्यावर चाक फिरतं तो दांडा) आणि हब (चाकाच्या मधला, भोक असलेला गोल भाग) प्रत्येकाने आपापला बसवला. सगळ्यांत सुरेख गाडा वैजूचा. तिने आस पॉलिश पेपरने घासला, हबचं भोक कानशीने जरा मोठं केलं, पुन्हा घासलं, पुन्हा लावून पाहिलं. शेवटी चाक असं फिरायला लागलं की बोटाने टिचकी मारावी आणि चहा पिऊन यावं, तरी फिरतंच आहे. अल्फियाने हात लावला तर वैजू म्हणाली, "हळू गं, नजर लावशील."

गुरुवारी गाडे सुटे केले. रंग द्यायच्या आधी तेल धुवून काढायचं होतं. ते काम गोप्याचं. मुलं शाळेतून आली तेव्हा सगळं लख्ख धुऊन, वाळवून, रचून ठेवलेलं. आस एका पेटीत, हब दुसऱ्या पेटीत आणि चाकं भिंतीला टेकवलेली.

वैजूने एक हब उचलला, एक आस घेतला आणि लावायला गेली. जाईना. दुसरा घेतला तर लडबडायला लागला. अल्फियाचंही तेच. तासाभरात शेडमध्ये नुसता गोंधळ झाला.

"गोप्या, आमच्या खडूच्या खुणा कुठं गेल्या?" वैजूने विचारलं.

"धुतल्या की," गोप्या म्हणाला. "घाण होती."

"आणि कुणाचा आस कुठला, ते?"

"चित्र एकच हाय. मग आसबी एकच. कुठलाबी घ्या."

वैजूला रडू कोसळलं. गोप्यावर ओरडायचं होतं, पण ओरडणार काय? ड्रॉइंग खरंच एकच होतं. सगळ्यांनी तेच समोर ठेवून काम केलं होतं. मग एकाच चित्रातून निघालेले आठ जणांचे आस आठ तऱ्हांचे कसे झाले?

"आबा, काहीच बसंना झालंय," ती म्हणाली. "शनिवार चुकला तर आत्याचं काय?"

आबा शांतपणे स्टूल ओढून बसले. त्यांनी पेटीतला एक आस मापून पाहिला, मग दुसरा, मग तिसरा. गालातल्या गालात हसले आणि म्हणाले, "तुम्ही आठ गाडे केलेच नाहीत, पोरांनो. एक गाडा आठ वेळा केलात, दर वेळी निराळा. आता माझं ऐका. एक जुनी हकीकत सांगतो, ती तुमच्याच कामाची आहे."

मुलं खाली बसली. गोप्या उभाच राहिला. त्याला बसायला सांगितलं की तो गुडघे मोजून वाकवायचा आणि त्यातच गोष्ट संपायची.

"अमेरिकेत डेट्रॉइट नावाचं शहर आहे," आबा सांगू लागले. "त्याच भागात जनरल मोटर्स नावाची मोठी मोटार कंपनी उभी राहिली, १९०८ साली. दुसऱ्याच वर्षी तिने डेट्रॉइटचीच कॅडिलॅक ही कंपनी विकत घेतली. त्या कॅडिलॅकच्या गाड्यांचं मी सांगतोय. तेव्हा बहुतेक मोटारी कशा व्हायच्या? तुमच्यासारख्याच. कारागीर एक भाग घ्यायचा, दुसऱ्याला लावायचा, नाही बसला की घासायचा. गाडी सुंदर व्हायची. पण तिचा एखादा भाग मोडला की नवा भाग पुन्हा घासत बसा. दोन सख्ख्या गाड्यांचे भाग एकमेकींना चालायचे नाहीत. पण हेन्री लेलँड म्हणून एक माणूस कॅडिलॅक चालवत होता. तो बंदुका आणि मापयंत्रं बनवणाऱ्या कारखान्यांत घडलेला. त्याला हे घासणं अजिबात खपायचं नाही. आणि पुढे त्याच कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला, त्याआधी हँडल मारताना लोकांचे हात मोडायचे—"

"आबा, चाकावर या," वैजू म्हणाली. आबांना फाटे फोडायची सवय होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"येतो. तर १९०८ सालीच इंग्लंडमध्ये एक परीक्षा झाली. ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मैदानावर तीन कॅडिलॅक आणल्या. त्या पार सोडवून टाकल्या, सुट्या सुट्या. आणि सगळे भाग एकत्र मिसळले."

"गोप्यासारखे?" अल्फियाने विचारलं.

"अगदी. वर काही भाग काढून घेतले आणि विक्रेत्याकडच्या साठ्यातले दुसरेच दिले. मग कारागिरांना सांगितलं, आता जोडा. हातात फक्त पाने आणि स्क्रू ड्रायव्हर. कानस लावायची नाही."

वैजूने पेटीतल्या आसांच्या ढिगाकडे पाहिलं.

"तिन्ही गाड्या उभ्या राहिल्या," आबा म्हणाले. "कुणाची चाकं कुणाला, कुणाचं इंजिन कुणाला, कोण जाणे. आणि मैदानावर पाचशे मैल पळाल्या. म्हणजे आठशे किलोमीटर. त्याबद्दल त्यांना मोठा चषक मिळाला."

"पण कसं शक्य आहे?" वैजू म्हणाली. "आम्हीपण आसाचं माप वीस मिलिमीटरच केलं होतं ना."

"इथेच ग्यानबाची मेख आहे." आबांनी पेटीतला एक आस हातात घेतला. "नेमके वीस मिलिमीटर जगात कुणालाच जमत नाहीत. केसभर इकडे नाहीतर केसभर तिकडे होणारच. मग तुम्ही काय करता? एकाचा आस जरा जाड झाला, म्हणून तो भोक मोठं करतो. अल्फियाचा बारीक झाला, म्हणून ती भोक लहान ठेवते. प्रत्येकाच्या आसाचं आणि भोकाचं माप एकमेकांशी जुळतं, पण ड्रॉइंगशी जुळत नाही. लेलँडची माणसं उलट करायची. आधीच ठरवायची, की चूक किती चालेल. याला टॉलरन्स म्हणतात (मापात किती कमी-जास्त खपवून घ्यायचं, त्याची मर्यादा). त्या मर्यादेत असेल तो भाग पास. नसेल तो भंगारात, मग कितीही देखणा असो."

त्यांनी कपाटातून एक लोखंडी तुकडा काढला. त्याला दोन बाजूंना दोन खाचा होत्या. "हा गेज (माप न वाचता भाग पास की नापास ते सांगणारा साचा). या बाजूला 'गो'. आस या खाचेत गेला पाहिजे. या बाजूला 'नो-गो'. इथे जाता कामा नये. दोन्ही जमलं तर जगातल्या कुणीही केलेल्या हबमध्ये तो बसेल, हबही असाच तपासलेला असला तर. घड्याळाचा सेल दुकानातून आणताना घड्याळ सोबत नेता का? नाही ना? ते यामुळेच."

"मग सरकत्या पट्ट्यावर भराभर गाड्या जोडतात, तेपण?" अल्फियाने विचारलं.

"ते फोर्ड कंपनीने करून दाखवलं, काही वर्षांनी. गाडी पुढे सरकत येते आणि प्रत्येक जण आपला एकच भाग लावतो. आता तिथे कुणी कानस घेऊन घासत बसला तर मागची सगळी रांग खोळंबेल. आधी भाग एकसारखे झाले, म्हणून पट्टा सरकला."

मग आबांनी शेडमधल्या सगळ्या कानशी गोळा केल्या, एका खणात टाकल्या आणि किल्ली गोप्याच्या हातात दिली. "कुणी मागितली तर देऊ नकोस. मी मागितली तरी."

काम सुरू झालं. सगळ्या हबची भोकं मोठी करून त्यांत नवे बुश (आतून बसवायची धातूची नळी) ठोकले आणि एकाच रीमरने, म्हणजे भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्याराने, साफ केले. आस एकेक करून गेजमधून काढायला वैजू बसली. जाड निघाले ते लेथवर गेले. मग तिचा स्वतःचा आस आला. उजेडात धरताच तिने तो ओळखला, एवढी चकाकी दुसऱ्या कशालाच नव्हती. 'गो'मध्ये गेला. 'नो-गो'मध्येही गेला. घासून घासून तिने तो बारीक करून ठेवला होता.

"आबा, हा एवढा चालेल का?"

आबांनी गेजकडे बोट दाखवलं. वैजूने गेज पुन्हा लावून पाहिला आणि आस भंगाराच्या डब्यात टाकला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. गोप्याने लेथवर त्या जागी नवा आस काढला. तो काही खास दिसत नव्हता, पण गेजमधून पास झाला.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी स्वतःच परीक्षा घेतली. तीन गाडे जोडले, पुन्हा सुटे केले आणि गोप्याला सांगितलं, "मिसळ सगळं." गोप्याने इतक्या आनंदाने कुठलंच काम केलं नसेल. मुलांनी फक्त पाने घेऊन गाडे जोडले. तिन्ही गाडे उद्यमनगरात फेरी मारून आले आणि टपरीवाल्याने त्या दिवशी गोप्याशी हुज्जत न घालता चहा दिला. शनिवारी ट्रक निघाला. पूल बंद झाला.

पुढे तीन आठवड्यांनी, दुपारी, आबांचा फोन वाजला. आत्याचे यजमान, करंजवाडीचे विक्रांत काका बोलत होते.

"आबा, मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. दवाखान्यातून बोलतोय."

आबांनी "मुलगी झाली!" असं शेडभर ओरडून सांगितलं. वैजूने त्यांच्या हातातला फोन घेतला. "काका, गाडा नीट चालला ना?"

"कुठला नीट. उतारावर दगडाला धडकला आणि चाक वाकलं. रेवतीला कळा सुरू झालेल्या. मागून वाडीतले शिवाप्पा त्यांचा गाडा घेऊन येत होते. मला त्यातलं काही कळत नाही. पण एकच पाना होता पेटीत. त्यांचं चाक काढलं, आमच्या गाड्याला लावलं आणि निघालो. चहा थंड व्हायच्या आत काम झालं म्हण."

"कुणाचं होतं ते चाक? म्हणजे आमच्यापैकी कुणी केलेलं?"

"काय की," काका म्हणाले. "बसलं, एवढं खरं."

वैजूने फोन ठेवला आणि भंगाराच्या डब्याकडे पाहिलं. तिचा तो देखणा आस अजून त्यात होता. तो गाड्याला राहिला असता, तर त्या उतारावर त्याला दुसरं कुठलंच चाक धड बसलं नसतं.

"आबा, चंद्रावर तुमच्या गाडीचं चाक मोडलं तर?"

"तिथेही कुणीतरी काकाच असणार, जाड हातमोजे घातलेला," आबा डोळे पुसत म्हणाले. "चंद्रावर माणसांनी चालवलेल्या पहिल्या गाडीची चाकंसुद्धा जनरल मोटर्सच्याच प्रयोगशाळेत झाली होती. रबराची नव्हती, तारांच्या जाळीची. आता तिथे पाच-सहा देशांच्या गाड्या जातील. त्यांची चाकं एकमेकांना बसली पाहिजेत, हे अजून व्हायचंय. आमच्याने झालं नाही."

वैजूने गेज उचलला, फडक्याने पुसला आणि कपाटात न ठेवता स्वतःच्या दप्तरात टाकला. आबांनी ते पाहिलं, पण परत मागितला नाही. गोप्या चहा आणायला निघाला होता. दारातून वळून त्याने विचारलं, "कानशीच्या खणाची किल्ली परत देऊ का?"

"राहू दे तुझ्याकडेच," वैजू म्हणाली.