मुठीवरचा ओला हात

“मुठीकडे बघू नकोस, अंगठ्याकडे बघ. चार बोटं जीव गेला तरी धरून ठेवतात... सुटतो तो अंगठाच.”

तलवारीच्या तालमीतल्या मास्तरांचा हा आवाज वन्संच्या कानात अजून आहे. वन्सं म्हणजे माझ्या नणंदबाई. जाळीचा मुखवटा चढवून बोथट तलवारीने कसं लढायचं, ते त्या मास्तरांच्या हाताखाली एकोणीस वर्षं शिकवत होत्या.

ही गोष्ट त्यांची आहे आणि खरी आहे. जप झाल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही. त्याच तोंडाने खोटं कशाला सांगू?

भूत म्हटलं की लोकांना रात्र लागते. इथे रात्र नव्हतीच. सोमवारची दुपार होती. चार वाजून दहा मिनिटं. माडीवरच्या तालमीच्या लांबट खोलीत लख्ख ऊन पडलं होतं...

पण आधी काकांचं सांगायला हवं.

काका तालमीत नव्याने शिकायला यायचे. लाँड्रीत कामाला होते. पंचावन्नच्या पुढचे. तीस वर्षं गरम पाण्यात आणि सोड्यात घातलेले हात. पांढरेफटक, फुगलेले, सालपटं निघालेले. आणि कधीच कोरडे नसायचे. तो हात लागला की पाण्यात विसरलेल्या पावावर बोट पडल्यासारखं वाटायचं.

पोरं मागून त्यांना ‘ओले काका’ म्हणत. काकांना ते ठाऊक होतं. आपणच हसून सांगायचे, “जन्मभर लोकांचे मळके कपडे हातात घेतले. म्हटलं, एकदा कुणाची तलवार घेऊन बघू!”

पहिल्या परीक्षेला एकच डाव असे. शिकवणाऱ्याने तलवार पुढे धरायची. शिकणाऱ्याने आत शिरून डाव्या हाताने त्याची मूठ पकडायची आणि अंगठ्याच्या बाजूने पिळून तलवार काढून घ्यायची. दोघांचेही हात उघडे. हातमोजे चालत नसत, ही मास्तरांची शिस्त.

आणि शिकवणाऱ्याने घट्ट धरायची. मुद्दाम सोडायची नाही.

वन्सं सोडत होत्या.

काकांचा हात जवळ आला की वन्सं नजर वळवायच्या. तो ओलावा कातडीला नीट लागायच्या आत मूठ सैल व्हायची. तलवार खणकन खाली.

भिंतीकडून मास्तर विचारायचे, “निघाली का?”

“निघाली,” वन्सं सांगायच्या.

काका पास झाले. पण दंडावर बांधायची निळी पट्टी घेईनात.

“बाई, मी काढली नाही. तुम्ही टाकलीत.”

“काय फरक पडतो, काका?”

“मला पडतो ना.” ते हळू आवाजात म्हणाले, “किळस येते, कळतं मला. बायकोलाही आधी यायची. पण एकदा घट्ट धरा. एकदाच. नाही निघाली तर नाही निघाली.”

“बरं, उद्या धरते घट्ट.”

“शब्द?”

“शब्द.”

आणि हे बोलताना वन्सं आपला हात कुर्त्याला पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी काका कामावरच छातीत कळ येऊन कोसळले. उठले नाहीत.

त्यानंतरचा तो सोमवार.

वन्सं एका नव्या मुलीला डाव समजावत होत्या. मुलगी तीन पावलं लांब. वन्संनी तलवार पुढे केली आणि... खोलीतले आवाज गेले. तलवारींचा खणखणाट, पोरांची बडबड, सगळं कुणीतरी पुसून टाकल्यासारखं.

मग... टप्.

टप्.

लाकडी फळ्यांवर पाणी ठिबकत होतं. जवळ येत होतं.

आणि मुठीवर हात पडला.

दिसत काहीच नव्हतं. वन्संच्या मनगटावर थेट ऊन होतं. पण हात होता. कोमट, बुळबुळीत. बोटं त्यांच्या बोटांवरून सरकत होती, सावकाश... अंगठा शोधत होती.

वन्संनी तलवार टाकली.

“बाई, मी अजून हातसुद्धा लावला नाही!” मुलगी म्हणाली.

“मुठीला लोणी चोपडलंय वाटतं!” कुणीतरी मागून म्हणालं. पोरं फिदीफिदी हसली.

वन्संनी तलवार उचलली. मुठीचं चामडं पिळून काढण्याइतकं ओलं होतं. सोड्याचा भपकारा आला. आणि चामड्याला काहीतरी पांढरं चिकटलं होतं. कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ.

त्यावर बोटाच्या रेषा होत्या.

वन्सं मोरीपर्यंतही पोचल्या नाहीत. वाटेतच ओकल्या.

तीनदा साबण लावला, तरी रात्री घास तोंडाशी नेला की तोच वास. पुढे रोज हेच. चार वाजून दहा मिनिटं झाली की टप्, टप्... आणि तो हात. वन्संनी शिस्त मोडून हातमोजा घातला. त्या दिवशी हात मोज्याच्या आत आला. कातडी आणि अस्तर यांच्या मधून, गिळगिळीत, एकेक बोट सरकवत.

मास्तर थकले होते. महिनाअखेर तालीम वन्संच्या हवाली करायचं ठरलं होतं. त्यांनी वन्संना बाजूला घेतलं.

“पोरी, सात दिवस झाले, रोज तलवार पडतेय. जिच्या मुठीत तलवार टिकत नाही, तिच्याकडे तालीम कशी देऊ? शनिवारपर्यंत बघतो. मग दुसरा माणूस बघेन.”

एकोणीस वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली होती. सांगायचं तरी काय? मेलेल्या माणसाचा घाम लागतो म्हणून?

गुरुवारी काकांची बायको आली. हातात एक हातमोजा, सरावाचा.

“तालमीतला आहे, म्हणून परत आणला. दोन आठवडे दोरीवर घालतेय. ऊन दिलं, इस्त्री फिरवली... वाळतच नाही बघा.”

मोज्याच्या टोकातून पाण्याचा थेंब लोंबत होता.

वन्संनी तो दोन बोटांच्या चिमटीत धरला. काकूंनी ती चिमूट पाहिली.

“असा कशाला धरता? घाण नाही त्यात. माझ्या हातांनी धुतलाय.”

वन्सं सांगतात, आयुष्यात कुणी थोबाडीत मारली नव्हती. तेव्हा बसली.

काकू जाताना दारात थांबल्या. “आदल्या रात्री फार खुशीत होते हो. म्हणाले, बाईंनी शब्द दिलाय. कसला शब्द होता?”

त्या दिवसापासून वन्संना त्या हातापेक्षा स्वतःचीच जास्त शिसारी यायला लागली.

शुक्रवारी त्या माझ्याकडे आल्या आणि सगळं सांगितलं. मी म्हटलं, “देवाचं नाव घ्या आणि सोडून द्या ती तालीम.”

“तालीम सुटेल, वहिनी. तो हात सुटेल का? त्याने मला ओरखडासुद्धा काढलेला नाही. येतो, वाट बघतो... आणि मीच पळते.”

मी त्यांच्यासोबत गेले. त्या दिवशी सरावाला सुट्टी होती. किल्ली वन्संकडे. वर काय झालं, ते त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही, आणि विचारायचा धीर मला झालेला नाही. एवढं खरं, की कुणाचा ओला हात लागला की अजून माझ्या अंगावर काटा येतो. मग त्या काट्याचीच लाज वाटते.

जिन्याखाली आम्ही दोघी उभ्या होतो. वर कुणीही नव्हतं.

टप्.

मलाही ऐकू आलं.

वन्संना उमासा आला. त्यांनी तोंड घट्ट मिटून तो गिळला. उजवी बाही कोपरापर्यंत दुमडली. मी हातरुमाल पुढे केला, तर मानेनेच नको म्हणाल्या.

“आले हं, काका,” त्या वर बघून हळूच म्हणाल्या.

आणि जिना चढायला लागल्या.