कडू औषधावरचा गूळ

ओवीने आ केला आणि डॉ. शर्वरी चौगुले यांनी दंतदर्शकाची नळी तिच्या खालच्या दाढेवर धरली. पडद्यावर आकडा उमटला. शर्वरीने नळी पुसून पुन्हा धरली. आकडा तोच राहिला. तिच्या सहा वर्षांच्या लेकीच्या दाढांवरचा लेप जवळजवळ संपला होता.

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या अरुंधती वसाहतीत नऊ मुले होती, सगळी तिथेच जन्मलेली, आणि शर्वरी तिथली एकमेव दंतवैद्य. दात कोरायचे यंत्र तिच्याकडे नव्हते, कारण बंदिस्त हवेत दातांचा भुगा उडालेला चालणार नव्हता. म्हणून मुलांच्या दातांवर दर तीन महिन्यांनी 'जागता लेप' लावत. त्यात फ्लोराइडचे सूक्ष्म कण असत. तोंडातल्या जंतूंनी गोड खाऊन दातावर आम्ल सोडले की तेवढ्यापुरते कण फुटत. शिवाय सावधगिरी म्हणून साखर, गूळ, मध, सगळ्यालाच बंदी होती. पोळीसुद्धा अशा पिठाची, की तोंडातल्या जंतूंनी उपाशीच राहावे. त्यामुळे बाकी आठ मुलांचे लेप तीन महिन्यांनंतरही कोरे करकरीत होते. जो कोणी गोड आणील त्याने पुढच्या यानाने पृथ्वीवर परत जायचे, असा नियम होता, आणि तसा अहवाल दंतवैद्याने सही करून वसाहतीच्या समितीला पाठवायचा होता.

शर्वरी कामावर असताना ओवीला सांभाळणारे माणूस एकच होते, शर्वरीचे वडील रंगराव आबा. चाळीस वर्षे ते कागलजवळच्या गुऱ्हाळावर गुळव्या होते. काहिलीतला रस कधी उतरवायचा, हे नुसत्या वासावरून ठरवणारा माणूस.

"आबा, ओवीला गोड काय देता?"

आबांनी आढेवेढे घेतले नाहीत. कपड्यांच्या खणातून पत्र्याचा डबा काढला आणि समोर ठेवला. वसाहतीत येताना प्रत्येकाला दोन किलो खासगी सामान आणता येई. लोकांनी फोटो आणले, गोधड्या आणल्या. आबांनी गुळाची मुठीएवढी ढेप आणली होती. तपासणीत त्यांनी ती 'आठवणीची वस्तू' म्हणून नोंदवली होती, आणि ते खोटेही नव्हते.

"हितं हाडं ठिसूळ हुऊ नयेत म्हणून देत्यात ते औषध लई कडू हाय, पोरी. रोज सांजच्याला डोळं मिटून पिती बिचारी. कडू घेतलेल्या पोराला तसंच सोडायचं व्हय? हरभऱ्याएवढा खडा देतो. तुलाबी देत हुतो की."

"इथे नियम आहे, आबा."

"ठाव हाय. पर ज्यानं नियम केला त्यानं ते औषध पिऊन बघितलं न्हाई."

शर्वरीला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त त्यांची माया आली. आई गेल्यावर आबांना गावी एकटे राहू द्यायचे नाही म्हणून तिने त्यांना तीन महिन्यांपूर्वी इतक्या लांब आणले होते. आता तिच्याच सहीने ते रिकाम्या घरी परत जाणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सही केली. दुसऱ्या कोणाच्या बापासाठी केली असती, मग आपल्या बापाला वेगळा न्याय कसा लावायचा?

अहवाल धाडणार एवढ्यात पदार्थशास्त्रज्ञ डॉ. फिरोज मुजावर आत आले. सहा महिन्यांनी नऊही मुले पहिल्यांदा पृथ्वी पाहायला जाणार होती, म्हणून मुजावर त्यांची हाडे आणि दात तपासत होते. त्यांनी तिच्यासमोरचा अहवाल वाचला.

"मॅडम, सही करण्याआधी हे बघा."

"सही झाली."

"मग पाठवण्याआधी बघा. नऊ जणांत ओवीच्या दाढा सगळ्यांत टणक आहेत."

"उलट असायला हवं."

"का? फ्लोराइड करतं काय, सांगा."

"आम्लाने दातातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडतं. फ्लोराइड ते लाळेतून परत दातावर बसवायला मदत करतं. नवा थर आधीपेक्षा चिवट असतो, आम्लाला लवकर दाद देत नाही."

"आणि आम्ल आलंच नाही तर?"

"तर लेपातले कण..." शर्वरी थांबली. "फुटत नाहीत."

"चोर आलाच नाही, मग पहारेकरी घोरत पडला. आठ जणांच्या नव्या दाढा उगवल्या तशा कच्च्या राहिल्यात. पृथ्वीवर उतरल्यावर सगळ्या आज्या लाडवांचे डबे उघडून बसलेल्या असतील. लेप आठवड्यात संपेल, अन् खाली कच्ची दाढ."

"म्हणजे मुलांना गोड द्या म्हणता?"

"मोजून, दिवसातून एकदा, आणि लेप असेल तरच. लेप नसता तर याच गुळाने ओवीची दाढ किडली असती. पृथ्वीवरच्या पोरांना ही मुभा नाही, तिथे आम्ल न मागता मिळतं. तिथे लेप तेवढा लावायचा."

शर्वरीने मुजावरांचे आकडे जोडून अहवाल पाठवला. सही खोडली नाही. समितीने दोन दिवस डोके खाजवले आणि मग उत्तर आले. बाकी आठही मुलांना सहा महिने रोज हरभऱ्याएवढा गूळ द्यावा, आणि वसाहतीत गूळ करू शकणारा दुसरा माणूस मिळेपर्यंत रंगराव चौगुले यांना परत पाठवू नये.

शर्वरीने ते घरी वाचून दाखवले. आबांनी डबा उघडून पुढे केला. आत एकच खडा उरला होता.

"आता हो?" शर्वरी म्हणाली.

"हरितगृहात ते लाल बीट हाय न्हवं? जरा उग्र हुईल, पर वळंल गूळ. काहील तेवढी मिळवून दे." आबांनी खडा उचलला आणि तिच्याकडे नीट पाहिले. "माज्या कागदावर सही करून आलीस, त्या दिवसापास्नं तुझं तोंड उतरलंय. लई कडू गेलं आसंल."

शर्वरी रिकाम्या डब्याचे झाकण लावू लागली.

"आई, आ कर," शेजारून ओवी म्हणाली. "कडू घेतल्यावर देतात."

दंतवैद्याने आ केला.